'क्वाइट गुड' ऐकून हुरळून जाऊ नका

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या तरुणाचा प्रश्न आहे. शाळा मराठी माध्यमाची, बीकॉम नाशिकला, ईमेल वाचता-लिहिता येतात. पण इंग्लंडच्या खरेदीदाराशी फोनवर बोलणं झालं की घोळ होतो. मागच्या कंटेनरबद्दल तो खरेदीदार म्हणाला, 'द फ्रूट इज क्वाइट गुड, वी आर जस्ट अ बिट कन्सर्न्ड अबाउट द स्टेम्स.' यानं शेठना सांगितलं, माल चांगला पोचला, देठांचं किरकोळ काहीतरी म्हणतोय. थोड्याच दिवसांत क्लेम, म्हणजे नुकसानभरपाईची मागणी, आला. शेठ म्हणाले, तुला इंग्रजी येत नाही. तेव्हापासून यानं इडियम्सची एक जाडजूड पुस्तिका पाठ करायला घेतली आहे. विचारतो आहे : हे इडियम्स आणि 'क्वाइट', 'रादर', 'प्रिटी' असले शब्द शिकायचे कसे? आणि तो खरेदीदार उठसूट 'ब्लडी' म्हणतो, ते मी म्हटलं तर चालेल का?

सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली आणि निर्यातीच्या धंद्यातली नोकरदार मंडळी माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला येतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. क्लेम येईपर्यंत कुणी तो विचारत नाही, एवढंच.

आधी शेठचं म्हणणं. तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं मला वाटत नाही. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द तुम्हाला येत होता, आणि गोची तिथेच झाली. न येणारा शब्द आला की माणूस अडखळतो, विचारतो, मोबाइलमध्ये शोधतो. ओळखीचा शब्द वेगळ्याच कामाला जुंपलेला असला की तो अडखळतच नाही, खुशाल पुढे जातो. म्हणून ती पुस्तिका तूर्त कपाटात ठेवा. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे आपल्याकडे सातवीतल्या मुलालाही येतं आणि इंग्लंडमध्ये ते क्वचितच कुणाच्या तोंडून ऐकू येतं. तिथे पाऊस कोसळत असला तर लोक साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतात. तुमचं नुकसान असल्या रंगीत इडियम्सनी केलेलं नाही. ते केलं 'क्वाइट' आणि 'अ बिट' या दोन चिल्लर शब्दांनी.

'क्वाइट'पासूनच सुरू करू. पुढे येणाऱ्या विशेषणाप्रमाणे हा शब्द अर्थ बदलतो. ज्या गुणाला कमी-जास्त प्रमाण असतं, म्हणजे गुड, टायर्ड, कोल्ड, एक्स्पेन्सिव्ह, त्याच्या आधी ब्रिटिश माणसाचं 'क्वाइट' म्हणजे 'बऱ्यापैकी'. ज्याला प्रमाणच नसतं, जे एकतर असतं किंवा नसतं, म्हणजे राइट, इम्पॉसिबल, एम्प्टी, डिफरंट, त्याच्या आधी तेच 'क्वाइट' म्हणजे 'पूर्णपणे, अगदी'. 'यू आर क्वाइट राइट' यात शंकेला जागाच नाही. 'क्वाइट गुड' म्हणजे मात्र 'बरा आहे'. शाळेत आपल्याला 'क्वाइट'चा एकच अर्थ सांगितला जातो, तोही दुसऱ्या प्रकारचा, म्हणून आपण 'क्वाइट गुड'चं भाषांतर 'अगदी छान' असं करून मोकळे होतो. त्यात अमेरिकन लोकांनी आणखी भर घातली आहे : त्यांचं 'क्वाइट गुड' बहुधा 'व्हेरी गुड'च्या जवळ जातं. म्हणजे हेच वाक्य कॅलिफोर्नियाच्या माणसानं म्हटलं असतं, तर तुम्ही शेठना दिलेला निरोप बराचसा बरोबर ठरला असता.

कानालाही थोडं काम द्या. जोर 'गुड'वर पडला तर माल खरंच आवडलेला असतो. जोर 'क्वाइट'वर पडला आणि 'गुड' म्हणताना आवाज थोडा वर लटकत राहिला, तर पुढे 'बट' येणार असं धरून चाला. तो 'बट' उच्चारला जाईलच असं नाही, पण असतो.

आता 'अ बिट'. हा शब्द फार उपयोगी आहे, कारण तो तक्रारीच्या आधीच बसतो. 'अ बिट सॉफ्ट', 'अ बिट स्मॉल', 'अ बिट लेट', 'अ बिट कन्सर्न्ड'. स्तुती करताना सहसा कुणी 'अ बिट' लावत नाही. खरेदीदार तुमच्या द्राक्षांना 'अ बिट स्वीट' म्हणाला, तर गोडवा जास्त झाला अशी त्याची कुरकुर आहे. 'फेअरली' याच्या उलट : तो पसंतीच्या बाजूचा शब्द आहे. 'फेअरली स्वीट' म्हणजे गोडी पुरेशी आहे, चालेल. 'रादर' दोन्हीकडे जातो. 'रादर स्मॉल' ही 'अ बिट स्मॉल'पेक्षा मोठी तक्रार, आणि 'रादर नाइस' म्हणजे अपेक्षेपेक्षा बरं निघालं. 'प्रिटी'चा रूपाशी काही संबंध नाही, तो 'व्हेरी'च्या एक पायरी खाली असतो, दोन्ही देशांत चालतो, त्याची फार चिंता नको.

आणि हे समजायला कठीण का वाटावं, तेच मला कळत नाही, कारण आपण मराठीत दिवसभर हेच करतो. मध्यस्थ म्हणतो, 'स्थळ चांगलंच आहे हो, फक्त पत्रिकेचं जरा...' यातलं काय ऐकायचं ते मुलीच्या बापाला बरोबर कळतं. साहेब म्हणाले, 'जरा बोलायचं होतं तुमच्याशी', तर तुमच्या पोटात गोळा येतो. त्या 'जरा'चा अर्थ 'थोडंसं' असा तुम्ही घेत नाही. 'बघू' म्हणजे 'नाही' हे घराघरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असतं. तुमच्या खरेदीदाराचं 'अ बिट' म्हणजे साहेबांचं 'जरा'. इंग्रजीत आलो की आपण अचानक शब्दाला शब्द लावणारे कारकून होतो, मराठीतलं शहाणपण दाराबाहेर ठेवून येतो.

यात फसणारे आपणच नाही. एप्रिल 1951 मध्ये कोरियन युद्धात, इमजिन नदीच्या लढाईत चिनी फौजांनी ब्रिटिश ब्रिगेडवर प्रचंड संख्येनं हल्ला केला. ब्रिगेडिअर टॉम ब्रॉडी यांनी वरिष्ठ अमेरिकन जनरलला परिस्थिती सांगितली, ती 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर' अशा शब्दांत, असं सांगतात. दुसरा ब्रिटिश अधिकारी हे ऐकून समजला असता की माणसं मरायला टेकली आहेत. अमेरिकन जनरलला वाटलं, थोडी ओढाताण आहे, निभावतील. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची बटालियन वेढली गेली. तिच्यातले बहुतेक जण मारले गेले किंवा पकडले गेले. लढाईचा निकाल एका 'अ बिट'वर लागला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण दोघांचीही मातृभाषा इंग्रजी होती हे लक्षात घ्या, आणि शेठना जमलं तर हा किस्सा सांगा.

याच कुळातला आणखी एक प्रकार म्हणजे 'नॉट'. वाईट शब्दाआधी 'नॉट' आलं की बहुधा स्तुती असते : 'नॉट बॅड', 'नॉट हाफ बॅड', आणि 'नॉट बॅड ॲट ऑल' तर चांगलीच शाबासकी. चांगल्या शब्दाआधी आलं की तक्रार : 'नॉट ग्रेट', 'नॉट आयडियल', 'नॉट टू हॅपी'. ब्रिटिश माणूस 'इट्स नॉट आयडियल' म्हणाला की फोन ठेवून लगेच शेठच्या केबिनमध्ये जा.

आता असे शब्द मुळात असे का वागतात, याबद्दल थोडं सांगतो, कारण ते कळलं की पाठ करायचं ओझं बरंच हलकं होतं. जोर देणारे शब्द झिजतात. 'व्हेरी' हा जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ 'खरा' असा होता. 'रिअली' आणि 'ट्रूली' यांचंही तेच. 'खरंच' म्हणता म्हणता ते 'फार' झाले. दुसरं गोत्र भीतीचं : 'ऑफुली', 'टेरिबली', 'फ्राइटफुली'. 'आय एम टेरिबली सॉरी' यात टेरर कुठेही नाही. 'ऑफुली काइंड ऑफ यू' म्हणजे फार उपकार झाले. आपण 'भयंकर सुंदर' म्हणतो, 'भीषण भूक लागलीय' म्हणतो, कॉलेज रोडवरची पोरं 'बेक्कार भारी' म्हणतात, आणि ऐकणारा दचकत नाही. भीतीचा शब्द सुंदरला चिकटला की त्यातली भीती गळून जाते, उरतो तो नुसता जोर.

आणि शब्द झिजला की नवा लागतो, म्हणून दर पिढीचे शब्द वेगळे. साली टॅग्लियामॉन्टे या कॅनडातल्या भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी आणि रिका इतो यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास केला, तो 2003 साली प्रसिद्ध झाला. म्हाताऱ्या मंडळींच्या बोलण्यात 'व्हेरी' जास्त, तरुणांच्या बोलण्यात 'रिअली' जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे तुम्ही प्रत्येक वाक्यात 'व्हेरी व्हेरी' घालता तेव्हा चूक काहीच नसते, फक्त तुम्ही समोरच्या तिशीतल्या माणसाला त्याच्या आजोबांसारखे वाटता. शिवाय गावोगावचे शब्द वेगळे. यॉर्कशरमध्ये 'राइट', उत्तर इंग्लंडमध्ये 'डेड', लंडनकडच्या तरुणांत 'वेल', तिकडे अमेरिकेत बॉस्टनच्या बाजूला 'विकेड' आणि उत्तर कॅलिफोर्नियात 'हेला'. 'डेड गुड' ऐकून कुणाचं निधन झालं असं समजू नका. आपलं 'लय', 'जाम', 'लई', 'फार' यांच्यावरून जसा माणूस कुठला ते कळतं, तसंच ते. हे सगळे शब्द ओळखायचे; बोलताना मात्र 'रिअली' आणि 'सो' एवढ्यांवर तुमचं भागतं.

'लिटरली'वर लोक फार चिडतात. 'आय लिटरली डाइड' म्हणणारा माणूस समोर जिवंत उभा असतो. ही हल्लीच्या पोरांची आळस-भाषा आहे असं मानणाऱ्यांसाठी एवढंच : मेरिअम-वेबस्टरच्या मोठ्या शब्दकोशात हा अतिशयोक्तीचा अर्थ 1909 पासून नोंदलेला आहे. चिडायचं असेल तर चिडा, पण अर्थ समजून घ्या.

मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग आता येतो. मराठीत काळा तो कुट्ट, पांढरा तो शुभ्र, हिरवा गार, लाल भडक, पिवळा धमक. कोरडा ठाक, ओला चिंब, कडू जहर, तिखट जाळ, कोरं करकरीत. 'काळाशुभ्र' किंवा 'पिवळागार' असं कुणी म्हणत नाही. का नाही, असं विचारलं तर व्याकरणाच्या मास्तरालाही सांगता येणार नाही. इंग्रजीतही अशा ठरलेल्या जोड्या आहेत आणि शाळेत त्या कुणी शिकवत नाही. टक्क जागा म्हणजे 'वाइड अवेक', गाढ झोपलेला म्हणजे 'फास्ट अस्लीप'. इथे 'फास्ट'चा वेगाशी संबंध नाही. तो 'घट्ट' या जुन्या अर्थानं आलेला आहे. अंधार 'पिच डार्क' किंवा 'पिच ब्लॅक', चहा गार झाला तर 'स्टोन कोल्ड', शेत कोरडं ठाक पडलं तर 'बोन ड्राय', पावसात भिजून आलात तर 'सोकिंग वेट', पाणी किंवा मुद्दा स्वच्छ असला तर 'क्रिस्टल क्लिअर', कोरी करकरीत गाडी 'ब्रँड न्यू', आणि खिशात दमडीही उरली नाही तर 'स्टोनी ब्रोक'. 'व्हेरी अस्लीप' ऐकताना इंग्रजाला साधारण तसंच वाटतं, जसं आपल्याला 'खूप काळं' ऐकताना वाटतं : कळलं, पण बोलणारा इथला नाही.

हे पाठ करायचे तर मराठीच्या जोडीला इंग्रजी जोडी लावून पाठ करा. कोरडा ठाक, बोन ड्राय. ओला चिंब, सोकिंग वेट. दोन्हीकडे एकाच प्रकारची गाठ असल्यामुळे ती डोक्यात पटकन बसते. वर्गात मी हा तास घेतो त्या दिवशी लोक मराठीतल्याच जोड्यांवर निम्मा वेळ भांडतात, 'गोड मिट्ट' की 'मिट्ट गोड', वगैरे. भांडू देतो.

याच जागी 'व्हेरी'ची एक मर्यादा सांगून टाकतो. काही विशेषणांच्या पोटातच 'फार' बसलेलं असतं : एक्सलंट, एक्झॉस्टेड, फ्रीझिंग, इनॉर्मस. त्यांना पुन्हा 'व्हेरी' लागत नाही, 'अब्सोल्यूटली' लागतं. 'व्हेरी टायर्ड', पण 'अब्सोल्यूटली एक्झॉस्टेड'. 'व्हेरी एक्सलंट क्वालिटी' असं आपल्याकडच्या कितीतरी माहितीपत्रकांवर छापलेलं असतं. खरेदीदार त्यावर काही बोलत नाही, पण हसतो.

आता आपल्या बाजूनं होणारे घोटाळे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन सांगणं भाग आहे, कारण तेही क्लेमपर्यंत जाऊ शकतात.

पहिला 'टू'चा. आपल्याकडे 'जेवण टू गुड होतं' ही स्तुती आहे. इंग्रजाच्या कानाला 'टू' म्हणजे नको तितकं जास्त. 'यू आर टू काइंड' अशा एखाद-दुसऱ्या ठरलेल्या वाक्यात ते स्तुती म्हणून चालतं, बाकी नाही. तुम्ही अभिमानानं लिहिलंत, 'धिस सीझन अवर ग्रेप्स आर टू स्वीट', तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही स्वतःच आपल्या मालाची तक्रार करताय. 'रिअली स्वीट' लिहा, 'एक्स्ट्रीमली स्वीट' लिहा.

दुसरा 'ओन्ली'चा. आपला लाडका 'च' इंग्रजीत नाही, म्हणून आपण त्याच्या जागी 'ओन्ली' चिकटवतो. 'कालच पाठवलंय' याचं 'आय सेंट इट यस्टर्डे ओन्ली'. तुम्हाला म्हणायचंय, वेळेवर पाठवलं. तिकडे ऐकू येतं की काल कुठे एकदाचं पाठवलं, म्हणजे उशीर झाल्याची कबुली. शब्द बरोबर, अर्थ उलटा. इंग्रजी 'च'चं काम आवाजाच्या जोरानं करते, नाहीतर 'डू'-'डिड' घालून : 'आय डिड सेंड इट यस्टर्डे'. यातल्या 'डिड'वर जोर द्यायचा. 'मीच सांगितलं' याचं 'इट वॉज मी हू टोल्ड देम'. 'मला आवडतंच' याचं 'आय डू लाइक इट'. शाळेत 'डू' फक्त प्रश्नात आणि नकारात वापरायचा असतो असं शिकल्यामुळे होकारातला 'डू' आपल्याला चूक वाटतो. तो आपला 'च' आहे. 'हॉट हॉट पोहे' आणि 'स्मॉल स्मॉल पीसेस' याबद्दल फार बोलत नाही. गोड वाटतं ते, समजतंही, फक्त ईमेलमध्ये नको.

इडियम्सकडे आता येऊ. पुस्तिकेत असतात ते 'किक द बकेट'सारखे, दुरूनच ओळखू येणारे. बादलीला लाथ मारण्याचा मालाशी संबंध नाही, म्हणजे काहीतरी वेगळं आहे, हे कुणालाही कळतं. फसवतात ते साध्या कपड्यातले. तुम्ही म्हणालात, यंदा अवकाळीनं फार नुकसान केलं, आणि तो म्हणाला, 'टेल मी अबाउट इट'. यावर आपली माणसं लगेच सविस्तर सांगायला बसतात : कुठल्या तालुक्यात किती गारपीट. त्याला फक्त एवढंच म्हणायचं असतं की 'मला काय सांगता, मीही त्यातूनच जातोय'. चहा विचारल्यावर 'आय एम गुड' म्हणजे नको. 'यू ऑलराइट?' हे ब्रिटनमध्ये बऱ्याचदा नुसतं नमस्कारासारखं असतं, तब्येतीची चौकशी नसते, 'यस, यू?' एवढं पुरतं. 'फेअर इनफ' म्हणजे ठीक आहे, तुमचं म्हणणं मान्य. 'बेअर विथ मी' म्हणजे जरा थांबा, शोधतोय. 'लीव्ह इट विथ मी' म्हणजे मी बघतो, आणि तो खरोखर बघतो. 'आय विल बेअर इट इन माइंड' मात्र बहुतेक वेळा आपलं 'बघू' असतं. 'विथ रिस्पेक्ट' असं सुरू झालेल्या वाक्यात पुढे आदर नसतो, विरोध असतो. 'यू माइट वॉन्ट टू चेक द पॅकिंग' यातल्या 'माइट'ला भुलू नका. पॅकिंग तपासा, असा तो आदेश आहे.

आपल्याकडूनही एक असाच शब्द जातो. 'आय पास्ड आउट इन 2019' वाचून तिकडच्या माणसाला वाटतं, 2019 साली तुम्ही बेशुद्ध पडला होतात. 'ग्रॅज्युएटेड' लिहा.

धंद्याच्या बोलण्यातले बरेच इडियम्स खेळातून आलेले आहेत, आणि इथे नाशिककरांना निम्मा पेपर फुटलेला आहे. 'स्टिकी विकेट', 'ऑन द बॅक फुट', 'बोल्ड ओव्हर', 'हिट फॉर सिक्स', 'अ गुड इनिंग्ज' : क्रिकेट पाहणाऱ्याला यातलं जवळपास सगळं अंदाजानं कळतं. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे टेनिस बॉलनं खेळणाऱ्या पोराला 'बॅक फुट' समजावून सांगावा लागत नाही. फक्त 'बोल्ड ओव्हर' आपल्या अंदाजाच्या उलट जातं : त्याचा अर्थ बाद झाला असा नाही, भारावून गेला असा आहे. म्हातारा माणूस गेल्यावर 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' म्हणतात, ते मात्र आपल्याला न सांगता पोचतं.

पेपरचा दुसरा अर्धा भाग बेसबॉलचा आहे, आणि तो खेळ आपण पाहिलेला नाही. 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधू. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. हा विचारला की पैशापर्यंतचा हिशेब पाठवू नका, फोनवरच गोल आकडा सांगा. 'कर्व्हबॉल' म्हणजे अचानक आलेली अडचण, आपल्या भाषेत गुगली. 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' म्हणजे अनपेक्षित, विचित्र. अमेरिकन कंपन्यांमुळे हे आता ब्रिटनमध्येही सर्रास चालतात.

एकाच इडियमचे दोन देशांत दोन उलटे अर्थ असण्याचं सगळ्यात नामी उदाहरण 'टेबल' या क्रियापदाचं आहे. ब्रिटनमध्ये एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत म्हणजे तो बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धातल्या एका बैठकीत यावरून दोन्ही बाजू बराच वेळ तावातावानं भांडल्या आणि मग लक्षात आलं की दोघांना एकच हवं होतं, असं चर्चिल यांनी युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय.

शिकायचं कसं, याचं माझं उत्तर फार झगमगीत नाही. पहिली गोष्ट, शब्दकोश बदला. इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'क्वाइट'समोर 'अगदी, पुष्कळ' वाचून थांबू नका. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापरा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, तिघांचेही मोबाइलवर फुकट पाहता येतात. हा प्रकारच परक्यांसाठी जन्माला आला. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते, त्यांचा अशा प्रकारचा कोश 1942 साली टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये तो ऑक्सफर्डनं काढला. इंग्रजाला जे सांगावं लागत नाही तेच त्यात सांगितलेलं असतं : हा शब्द ब्रिटिश की अमेरिकन, घरगुती की औपचारिक, जुनाट झालाय का, तक्रारीत येतो की स्तुतीत. अर्थाआधी या खुणा वाचायची सवय लावा.

उलट दिशेनं हीच मेहनत मोल्सवर्थ या इंग्रज कोशकारानं मराठीवर केली होती. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी 1857 ची. आपले वाक्प्रचार त्यानं कसे टिपलेत ते एकदा चाळून बघा. परक्या भाषेतला वाक्प्रचार कसा पकडायचा, याचं ते उत्तम उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट, वही. पण तिच्यात शब्द आणि अर्थ असे दोन रकाने नकोत. पूर्ण वाक्य लिहा, कोण कुणाला म्हणालं ते लिहा, आणि पुढे काय घडलं ते लिहा. 'क्वाइट गुड, अ बिट कन्सर्न्ड : खरेदीदार, कंटेनर उघडल्यावर, क्लेम आला.' अशा नोंदी साठल्या की तुमच्या त्याच खरेदीदाराचा तुमचा स्वतःचा कोश तयार होतो, आणि तो कुठल्याही पुस्तिकेपेक्षा नेमका असतो. कारण माणसं वेगळी असतात. काही इंग्रज तोंडावर बोलणारेही असतात. हॉलंडचे खरेदीदार तर सहसा सरळच सांगतात, शिवाय इंग्रजी त्यांचीही शिकलेली भाषा आहे. त्यांच्या 'गुड'मध्ये गूढ अर्थ शोधत बसू नका.

ऐकण्यासाठी इंग्लंडमधल्या सामन्यांची इंग्रजी कॉमेंट्री लावा, तीही चित्राकडे बघत. शतक ठोकणाऱ्याला ब्रिटिश समालोचक 'नॉट अ बॅड इनिंग्ज' म्हणतो आणि भोपळ्यावर बाद झालेल्याबद्दल 'अ बिट डिसअपॉइंटेड विथ दॅट' म्हणतो. काय घडलं ते डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे शब्द किती आखडून वापरलाय ते लगेच मोजता येतं.

आणि फोनवर असताना, अर्थ लावत बसण्यापेक्षा आकडा मागा. यात कमीपणा काहीच नाही, कसलेले व्यापारी हेच करतात. 'व्हेन यू से अ बिट कन्सर्न्ड, रफली व्हॉट पर्सेंटेज ऑफ द बॉक्सेस?' एवढं एक वाक्य पाठ करा. त्यापाठोपाठ, 'इज देअर एनीथिंग यू वुड लाइक अस टू डू डिफरंटली?' पहिल्याचं उत्तर टक्क्यांत येईल, दुसऱ्याचं उत्तर आलं की तक्रार केवढी आहे ते उघड होईल. मग त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका : फोनवर असं ठरलं, बरोबर ना? तो खरेदीदार बोलताना जितका गुळमुळीत असेल, तितका लिहिताना नसतो, कारण ईमेल फाइलला लागतो.

राहिलं 'ब्लडी'. ब्रिटनमध्ये ही सौम्य शिवी आहे, ऑस्ट्रेलियात तर त्याहून सौम्य, आणि 'ब्लडी गुड', 'ब्लडी कोल्ड' यात ती नुसता जोर देते. खरेदीदार तुमच्याशी बोलताना ती वापरतो याचा अर्थ त्याला तुमच्याशी मोकळेपणा वाटतो. राग मानू नका. पण आपल्याकडे हा शब्द हिंदी सिनेमामुळे माणसाच्या नावापुढे लावायची शिवी म्हणून रुजलाय, त्यामुळे आपल्या तोंडून तो निघताना सूर चुकतो आणि खरोखर शिवीच वाटते. शिवाय तो माल घेणारा, तुम्ही विकणारे. त्याला म्हणू द्या. तुमच्यासाठी 'रिअली' आहे, आणि फारच जोर द्यावासा वाटला तर 'अब्सोल्यूटली'. लाइनवर हॉलंडचा किंवा जर्मनीचा माणूसही असेल तर आणखी सांभाळा. तो हा शब्द कसा घेईल ते सांगता येत नाही.